अरारातच्या अलीकडे

आर्मेनियाच्या येरेवान या राजधानीतून अरारात पर्वत दिसतो. देशाच्या राजचिन्हावरही तो आहे. उभा मात्र तुर्कस्तानात. जगभर पांगलेल्या आर्मेनियन समाजाच्या मायभूमीचेही काहीसे असेच झाले आहे.

बैरूत, पॅरिस वा लॉस एंजेलिसमधल्या कित्येक कुटुंबांचे पूर्वज आजच्या आर्मेनियातले नव्हतेच. १९१५च्या वंशसंहारात ते व्हान, खारपर्टसारख्या ऑटोमन मुलखातून देशोधडीला लागले. त्यांना ‘घरी परत या’ म्हणायचे, तर कोणत्या घरी? दुसऱ्या महायुद्धानंतर स्टालिनच्या राजवटीने ही हाक दिली. सुमारे ९० हजार लोक विश्वासाने सोव्हिएत आर्मेनियात आले. त्यांतल्या अनेकांची १९४९मध्ये सायबेरियात रवानगी झाली. मायभूमीच्या नावाने इतकी क्रूर फसवणूक क्वचितच झाली असेल.

तरीही या समाजाने राज्याविना भाषा जगवली. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ १७९४मध्ये निघाले ते चक्क मद्रासेत, आपल्या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या, ‘दर्पण’च्या ३८ वर्षे आधी! आज मात्र परदेशस्थांची पश्चिम आर्मेनियन युनेस्कोच्या धोक्यातील भाषांच्या यादीत आहे.

सप्टेंबर २०२३मध्ये नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत निर्वासित होऊन आर्मेनियात आले. परदेशस्थांनी भिंतीवर अरारातचे चित्र खुशाल लावावे. पण येरेवान सरकारचे पहिले काम या निर्वासितांना पक्की घरे आणि रोजगार देण्याचे आहे.