दिल्लीचे प्रभाग आणि कष्टकऱ्यांच्या वस्त्या

2012 साली तोडलेली दिल्ली महानगरपालिका केंद्र सरकारने 2022 साली पुन्हा जोडली. मात्र जोडताना प्रभाग 272 वरून 250 वर आणले. 2011 च्या जनगणनेप्रमाणे पालिका हद्दीतील वस्ती सुमारे 1 कोटी 64 लाख. म्हणजे एका नगरसेवकामागे 65 हजारांहून अधिक माणसे! तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन आलेल्या कामगार स्त्रीचा क्रम केव्हा लागावा?

2000 साली सुरू झालेल्या ‘भागीदारी’ योजनेत प्रथम स्थान मिळाले ते नियोजित वसाहतींच्या रहिवासी संघांना. गरीब वस्त्यांची पालिकेशी गाठ पडते ती बहुधा बुलडोझर आल्यावर. 20 एप्रिल 2022 रोजी जहांगीरपुरीत सर्वोच्च न्यायालयाच्या ‘जैसे थे’ आदेशानंतरही पाडापाडी चालूच राहिली. अखेर आदेशाची प्रत घेऊन कॉ. वृंदा करात यांना यंत्रासमोर उभे राहावे लागले.

फेरीवाल्यांनी दीर्घ लढ्यानंतर 2014 च्या कायद्यात शहर फेरीवाला समितीवर किमान 40 टक्के प्रतिनिधित्व मिळवले, त्यातही एकतृतीयांश स्त्रियांना. अंमलबजावणीची रखडपट्टी हा वेगळा विषय. पण हक्क कायद्यात लिहिला गेला आहे. प्रभाग समित्यांवर झोपडपट्ट्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना असाच हक्क मिळावा, ही मागणी घेऊन गल्लोगल्ली सभा घेतल्या पाहिजेत.