गुणांसाठी विषय की विषयासाठी विषय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत पदवीची रचना बदलली. मेजर म्हणजे मुख्य विषयाबरोबर आता मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय) घ्यावे लागते, आणि ओपन इलेक्टिव्ह स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचे असावे लागते. नव्या वर्षाचे अर्ज निघाले की एकच सल्ला फिरू लागतो: मेजर तेवढे विचारपूर्वक घ्यावे, बाकी जिथे गुण सहज पडतात ते भरून टाकावे.

या सल्ल्याचा आधार असा, की सीजीपीएमध्ये मायनरचे आणि मेजरचे क्रेडिट सारखेच धरले जाते. हिशेब खरा आहे, निष्कर्ष नाही. थिअरीच्या एका क्रेडिटमागे पंधरा तासांचे अध्यापन असते. चार क्रेडिटांचा विषय म्हणजे साठ तास, आणि ते केवळ गुणांसाठी घालवणे परवडणारे नाही. शिवाय ‘सोपा’ ही ख्याती बहुधा मागच्या बॅचच्या ऐकीव माहितीवर उभी असते आणि अभ्यासक्रम किंवा शिक्षक बदलला की टिकत नाही.

‘मायनर शोभेपुरते’ हा समज तर घातकच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मेजर किंवा मायनर, दोहोंपैकी कोणत्याही विषयात एम.ए. वा एम.एस्सी.कडे जाता येते. आज बेफिकिरीने भरलेला रकाना उद्याचा दुसरा रस्ता ठरू शकतो.

एक आक्षेप मात्र रास्त आहे: तालुक्याच्या महाविद्यालयात निवडायला असते काय? निवडीच्या यादीत दोन-तीन विषय, त्यातही शिक्षकाची जागा रिकामी. हा दोष व्यवस्थेचा आहे, त्याचे खापर विद्यार्थ्यावर फोडणे अन्याय्य. तरी ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांचे क्रेडिट सत्राच्या चाळीस टक्क्यांपर्यंत धरण्याची मुभा आयोगाच्या २०२१ च्या नियमांत आहे, महाविद्यालयाची संमती आधी घ्यावी लागते.

निवडीची योग्य कसोटी अशी: मेजरच्या हाती नसलेले कोणते साधन हा विषय देतो? इतिहासाच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र आले, तर जनगणनेचे तक्ते आणि महसुलाचे आकडे तो स्वतः तपासू शकतो, दुसऱ्याच्या निष्कर्षावर विसंबत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने अर्थशास्त्र घेतले, तर हिरडा-मोहाच्या बाजारभावामागची साखळी तिला उलगडते. अशा जोड्या गुणपत्रिकेत ठळक दिसत नाहीत. प्रकल्प आणि संशोधनाच्या वेळी दिसतात.

म्हणून अर्जापूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम वाचावा. अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा किती, बारावीचे गणित गृहीत धरले आहे का, पुढच्या सत्रात तोच विषय चालू राहणार का, हे विभागात जाऊन विचारावे.