झाकलं म्हणजे बुजवलं नव्हे



आज जरा रागातच लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या. नातेवाईक मंडळीही हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यातल्या एक-दोघांना झोंबेल. झोंबू द्या.

विषय आहे फेल गेलेल्या बोअरचा.

आमचा सोनईचा भाग म्हणजे मुळा धरणाच्या पाटपाण्याचा आणि उसाचा. पाटाला आवर्तन चालू आहे तोवर ठीक, नाहीतर मदार बोअरवर. पाणाड्या येतो, तळहातावर नारळ उभा राहतो, जागा ठरते. रात्रीतून गाडी येते. दोनशे फूट, तीनशे फूट, मालकाची हिंमत असेल तर चारशे. काळ्या पाषाणात ओल लागली तर पेढे, नाही लागली तर नुसता फुफाटा. सकाळी गाडी पुढच्या गावाला जाते आणि शेतात राहतं साडेसहा इंची भोक. पुष्कळ जण वरच्या मुरमात घातलेला केसिंग पाइपही उपसून नेतात, दुसऱ्या बोअरला चालतो म्हणून. मग पावसाळ्यात काठाची काळी माती ढासळते आणि तोंडाशी चांगलं नरसाळं तयार होतं.

त्यावर काय घालतात? गोणपाट आणि वर धोंडा. फार तर उलटं घमेलं. विचारलं की उत्तर तयार, "बंद केलाय ना सर!"

अहो, हे बंद करणं नव्हे. हे झाकणं. गोणपाट दोन पावसाळ्यांत कुजतं, धोंडा कुणीतरी बांधावर टाकतं, घमेलं भंगारात जातं. इथून जवळच शिंगणापूर. तिथल्या घरांना दारं नसण्याची परंपरा जगभर गाजली. पण ती घरांची परंपरा, बोअरची नव्हे!

आता थोडं कडू बोलतो. त्या भोकात पडतं कोण? मालकाचं पोर सहसा नाही. त्याला लहानपणापासून दटावलेलं असतं की तिकडं जायचं नाही, तिथं बोअर आहे. पडतं ते ज्याला शिवार माहीत नाही ते. 2023 च्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत, पाच वर्षांचा मुलगा बोअरमध्ये पडला. मध्य प्रदेशातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला. रात्री उशिरापर्यंत एनडीआरएफचे जवान खपले. पोर हाती आलं ते निष्प्राण. आई-बाप फडात, पोरं बांधाला, हे दृश्य दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आपण सगळेच पाहतो. ऊस उभा असतो तेव्हा त्यात भोक दिसत नाही आणि तुटल्यावर वर पाचट पसरलेलं असतं, म्हणून तेव्हाही दिसत नाही. मालकाला एक वेळ खूण ठाऊक असेल. कोपीत राहणाऱ्या लेकराला कोण सांगणार?

माझा एक पुतण्या इंग्लंडात असतो. त्याने तिकडे एक जुनी, छोटी, फायबरची शिडाची बोट घेतली. (हौसेला मोल नाही, पण ते सोडा.) तिच्या तळाला पाण्याच्या पातळीखाली सात भोकं होती. एक इंजिनाला समुद्राचं पाणी घ्यायला, एक मोरीचं, काही जुन्या संडासाची, अशी. त्यातली तीन आता कशाच्याच कामाची नव्हती, पण त्यांच्या झडपा बंद होत्या. मी फोनवर म्हटलं, बंद आहेत ना, मग राहू दे की. तो म्हणाला, "काका, बंद झडप म्हणजे भोकच. ब्राँझ आतून कधी खाल्लं जाईल आणि रबरी नळी कधी निसटेल, सांगता येत नाही." त्याने तिन्ही झडपा काढल्या. भोकाच्या कडा घासून बशीसारख्या उतरत्या केल्या, काचेच्या धाग्यांच्या कापडाचे थरावर थर इपॉक्सीत भिजवून बसवले आणि तळ सलग केला. उरलेल्या प्रत्येक चालू झडपेशेजारी, ती फुटलीच तर ठोकायला, नरम लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवली.

एवढी काळजी कशासाठी? बोटीला भोक राहिलं तर मालक बुडतो, म्हणून. आमच्या शेतातल्या भोकात मालक बुडत नाही. सगळा फरक एवढाच आहे. अज्ञान नाही, गरिबी तर मुळीच नाही. ज्याने फुटावर पैसे मोजून तीनशे फूट खोदलं, त्याला बुजवणं परवडत नाही हे मला कुणी सांगू नये.

आता गणित. (मास्तराची खोड, जात नाही.) व्यास साडेसहा इंच, खोली 300 फूट. आकारमान किती? मुलांनो, पाय आर वर्ग गुणिले उंची. उत्तर येतं साधारण 69 घनफूट. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. म्हणजे तीनशे फुटी बोअर काठोकाठ भरायला एक ब्राससुद्धा मुरूम लागत नाही! आणि बोअरमधून निघालेल्या भुकटीचा ढीग शेजारीच पडलेला असतो, तो वेगळा. 2022 च्या जूनमध्ये छत्तीसगडमधल्या पिहरीद गावात एका मुलाला बोअरमधून जिवंत काढायला 104 तास लागले. किती यंत्रं, किती माणसं. तो वाचला, म्हणून आनंदाची बातमी झाली. त्या सगळ्या खटाटोपापुढे पाऊण ब्रास मुरूम ठेवून पाहा.

भरतानाही रीत आहे. मोठे धोंडे ढकलले की ते मध्येच अडकतात, खाली पोकळी राहते आणि पुढे कधीतरी वरचा भराव खचतो. म्हणून बारीक खडी, वाळू, भुकटी सावकाश सोडायची, वरचे काही फूट चिकणमाती ठोकून भरायची आणि पाऊस झाला की खचलं आहे का ते पाहून पुन्हा भर घालायची. झालं.

आमचे एक नातेवाईक (नाव घेत नाही, ते हे वाचताहेत) म्हणतात, "अहो, पुढे पुनर्भरणाला उपयोगी पडेल." उत्तम! मग करा पुनर्भरण. बोअरभोवती खड्डा घ्या, खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू, पाइपला भोकं पाडून जाळी गुंडाळा आणि गाळलेलं पाणीच आत जाऊ द्या. उघडं तोंड ठेवलं की शेतातली युरिया, तणनाशक, शेणाचं पाणी हे सगळं न गाळता थेट भूजलात जातं. तेच पुढे शेजाऱ्याच्या हापशाला येतं. दहा वर्षं गोणपाटाखाली असलेल्या भोकाला पुनर्भरण म्हणायचं नसतं.

नियम नाहीत असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2010 ला स्पष्ट सूचना दिल्या आहेत. बोअर घेण्याआधी 15 दिवस लेखी कळवायचं. काम चालू असताना फलक आणि काटेरी कुंपण. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा आणि तोंडाला वेल्डिंग केलेली पोलादी पट्टी किंवा नट-बोल्टचं झाकण. सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरायचा आणि तसा दाखला घ्यायचा. खेड्यात लक्ष ठेवायचं सरपंचाने आणि कृषी खात्याच्या माणसाने. तुमच्या ओळखीत असा दाखला घेतलेला एक तरी माणूस आहे का? माझ्या नाही.

म्हणून ग्रामसभेत मी दोनच गोष्टी मागणार आहे. एक, शिवारातल्या बंद बोअरची गटनंबरवार यादी. तलाठी, कोतवाल आणि दोन म्हातारे एवढी माणसं पुरे, कुठल्या शेतात काय फेल गेलं हे म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. दोन, बोअर फेल गेला तर तो भरल्याशिवाय गाडीने शेत सोडायचं नाही आणि मालकानेही तोवर शेवटचा हप्ता द्यायचा नाही. भुकटी तिथेच, माणसं तिथेच, तासा-दोन तासांचं काम.

आणि ते गोणपाटवाले नातेवाईक, पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे येतोय. जेवण राहू द्या, मुरमाची ट्रॉली सांगून ठेवा.