सेव्ह फाइल हेही इतिहासाचे साधन आहे

१/ १४ मार्च १९३१. गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. जपण्याची बुद्धी अशी उशिराच सुचते. आजचा धागा तुमच्या फोनमधल्या एका इवल्याशा फाइलविषयी आहे. तिच्याबाबतीत हा उशीर टाळता येईल.

२/ नव्वदच्या दशकात गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतही टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम पोहोचले. त्यांतले बरेचसे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. कार्ट्रिजला सारे ‘कॅसेट’च म्हणत. ‘सुपर मारिओ’, ‘काँट्रा’ यांत प्रगती साठवण्याची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून!

३/ ही सोय बॅटरीने केली. ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’च्या १९८७ च्या अमेरिकी कार्ट्रिजमध्ये एक लहान बॅटरी होती. यंत्र बंद असतानाही तिच्या बळावर ८ किलोबाइटांची स्मृती टिकून राही. पुढे प्लेस्टेशनने १२८ किलोबाइटांचे स्वतंत्र मेमरी कार्ड आणले.

४/ इम्युलेटर हा जुन्या यंत्राचे काम हुबेहूब करणारा प्रोग्राम. त्यात साठवण दोन प्रकारची. खेळाच्या आतून केलेले सेव्ह ही त्या बॅटरीवरच्या स्मृतीचीच प्रत. ‘सेव्ह स्टेट’ मात्र त्या क्षणीच्या संपूर्ण यंत्रस्थितीची नोंद.

५/ सोपे म्हणून बहुतेक जण केवळ सेव्ह स्टेटवर विसंबतात. माझ्या मते हे धोक्याचे आहे. स्टेट त्या विशिष्ट इम्युलेटरच्या रचनेशी बांधलेले असते. आवृत्ती बदलली की अनेकदा उघडतच नाही. आतले सेव्ह बहुधा दुसऱ्या इम्युलेटरमध्येही चालते.

६/ कुणी म्हणेल, ‘खेळ पुन्हा मिळतोच की!’ खेळ मिळेल. तो छापील ग्रंथासारखा, प्रती अनेक. सेव्ह फाइल हे हस्तलिखित आहे. कोणत्या वाटेने गेलात, पात्राला कोणते नाव दिलेत, कुठे अडलात, हे जगात त्या एकाच प्रतीत नोंदलेले असते. अनेक प्रतींचा बोलपट हरवतो, तिथे एकुलत्या प्रतीची काय कथा?

७/ म्हणून चार नियम.
• महत्त्वाच्या टप्प्यावर खेळाच्या आतून सेव्ह कराच.
• खेळाच्या फाइलचे नाव बदलल्यास सेव्हचेही बदला. बहुतेक इम्युलेटर नावावरूनच जोडी जुळवतात.
• जुनी प्रत पुसू नका. तारीख, खेळ आणि इम्युलेटरची आवृत्ती नोंदवून वेगळी ठेवा.
• अ‍ॅप काढण्यापूर्वी वा फोन बदलण्यापूर्वी प्रत बाहेर काढा. अ‍ॅपबरोबर त्याचे फोल्डरही पुसले जाऊ शकते.

८/ मोडी दफ्तरे जपली गेली नाहीत म्हणून आपण पूर्वजांना दोष देतो. तो अधिकार टिकवायचा असेल, तर आपले ८ किलोबाइट आज रात्रीच दुसरीकडे उतरवून ठेवा.