अर्धं शटर

२० सप्टेंबर २०१२. गणपती बसून एकच दिवस झाला होता. गूळ, सुकं खोबरं, तांदळाची पिठी खपायचे दिवस. त्यामुळे किरकोळ व्यापारातल्या परदेशी गुंतवणुकीविरुद्धच्या भारत बंदला आपल्याकडे फारसा जोर नव्हता. मी मात्र पेठेतल्या आमच्या किराणा दुकानाचं शटर अर्धं ओढलं. बाबा गल्ल्यावरून ओरडले, "सणाच्या दिवशी गिऱ्हाईक परत पाठवतोस?"

त्या वेळच्या अटी मला अजून पाठ आहेत. परदेशी वाटा जास्तीत जास्त ५१ टक्के. किमान १० कोटी डॉलर आणायचे, त्यातले निम्मे गोदामं, शीतगृहं असल्या कामांत घालायचे. ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून. वर राज्याची संमती हवी, ती महाराष्ट्राने दिली होती. इतकं होऊन आलं कोण? एकटी टेस्को, २०१४ मध्ये, टाटांच्या ट्रेंटशी निम्मी भागीदारी करून. कारफूरने तर त्याच वर्षी इथली घाऊक दुकानंही बंद केली. लांडगा आला रे आला म्हणून आम्ही घसा कोरडा केला आणि लांडगा वेशीवरूनच परतला.

मग २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा १,६०० कोटी डॉलरना घेतला. ऑनलाइन बाजारपेठ म्हणजे कागदावर दुकान नव्हे, नुसता मांडव, माल दुसऱ्याचा. म्हणून तिथे १०० टक्के परदेशी पैसा चालतो आणि वरची एकही अट लागत नाही. ज्या शीतगृहांसाठी एवढा वाद घातला, त्यांचं नावही कुणी काढत नाही.

परदेशी पैसा वाईटच, असं मी म्हणणार नाही. २००३ मध्ये मेट्रो ही घाऊक विक्रेती कंपनी बंगळुरूत आली. माझा मेहुणा तिथून माल उचलायचा. पक्कं बिल मिळायचं, डीलरची मिजास उतरली होती. ती आम्हाला विकत होती, आमच्या गिऱ्हाइकाला नाही. २०२३ मध्ये तीही रिलायन्सकडे गेली.

माझं दुखणं साधं आहे. खोबरेल तेलाची बाटली मला ज्या भावात पडते, त्याहून स्वस्त ती फोनवर मिळते. सेल्समनला विचारलं तर म्हणतो, "काका, त्यांची स्कीम वेगळी." शेवटी मीच फोनवरून दहा बाटल्या मागवल्या आणि फळीवर लावल्या. हसू नका, बरेच दुकानदार हेच करतात. तोटा सोसायला ऑनलाइनवाल्यांमागे गुंतवणूकदार आहेत, माझ्यामागे गल्ला.

सरकारने आम्हाला अनुदान देऊ नये. आम्ही पन्नास दुकानदारांनी मिळून ऑनलाइनवाल्यांएवढ्याच मालाची ऑर्डर दिली, तर कंपनीने तोच भाव द्यावा, एवढा नियम करावा. पुढचं वाणी बघून घेईल.