हिरवा ठिपका आणि दुपारचा डबा

सध्या शहरांत 'प्लांट बेस्ड' या शब्दाचा मोठा गवगवा आहे. दूध, अंडी, मांस यांपैकी काहीही नसलेले अन्न म्हणजे आरोग्यदायी अन्न, असा समज जाहिरातींनी पक्का करून दिला आहे. कोणी काय खावे यावर पहारा बसवणाऱ्यांशी आपले भांडण जुने आहे आणि ते चालूच राहील. पण इथे प्रश्न वेगळा आहे. कोर्टाच्या आवारात, कॉलेजच्या फाटकाबाहेर आपली पोरे दुपारी जे सँडविच खातात, त्यातून शरीराला काय मिळते?

मैद्याचा पाव, मस्का, उकडलेला बटाटा, काकडी-टोमॅटोच्या दोन चकत्या, हिरवी चटणी. मस्का काढला की ते 'प्लांट बेस्ड' झाले. पौष्टिक झाले काय? शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात प्रथिने जेमतेम २ ग्रॅम. तेवढ्याच कोरड्या हरभऱ्यात सुमारे २०, शेंगदाण्यात सुमारे २५. पाकिटावरचा हिरवा ठिपका याबद्दल एक अक्षर सांगत नाही. त्या ठिपक्यात दूधही बसते आणि साखरही!

कायद्याने दिलेला खरा हक्क पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरांत असतो. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. 'ब्राऊन ब्रेड'च्या यादीत पहिला शब्द मैदा असेल, तर तो तपकिरी रंग कॅरॅमलचाही असू शकतो. पहिला शब्द गव्हाचे पीठ असेल तोच पाव घ्यावा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्या.

आता आतले सारण. काळे हरभरे रात्री भिजत घालावेत, सकाळी कुकरला मऊ शिजवून जाडसर कुस्करावेत. त्यात कांदा, कोथिंबीर, मिरची, जिरे आणि मीठ. मस्क्याऐवजी पावाला विदर्भातली जवसाची किंवा घरची शेंगदाण्याची चटणी थोड्या तेलात कालवून लावावी. चव येते आणि पाव ओला होत नाही. सारण पूर्ण थंड झाल्यावरच भरावे, नाहीतर वाफेने पाव गिचका होतो आणि उन्हाळ्यात डबा लवकर आंबतो. काकडी-टोमॅटोला आधी मीठ लावू नये, पाणी सुटते. गव्हात जे प्रथिन-घटक कमी पडतात ते हरभरा भरून काढतो. आपल्या आया भाकरीबरोबर उसळ वाढत आल्या, त्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही.

हा हिशेब विशेषतः मुलींसाठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हरभऱ्यातले लोह अंगी लागायला जोडीला 'क' जीवनसत्त्व हवे, म्हणून डब्यात लिंबाची फोड ठेवावी आणि खाताना सारणावर पिळावी. ब-१२ मात्र यात नाही. जे अंडी, मासे, दूध काहीच घेत नाहीत त्यांनी डॉक्टरांना विचारून त्याची वेगळी सोय करावी. आणि कोर्टात जेवणाच्या सुट्टीत घास संपतो न संपतो तोच येणारा कटिंग चहा तासभर पुढे ढकलावा. चहा ते लोह शरीरात शोषू देत नाही.