त्या फोटोत नेमकं काय चाललंय?

१२ सप्टेंबर २०२४ ला सीताराम येचुरी गेले. बातमी आली तसा एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो पुन्हा सगळीकडे दिसायला लागला. कुरळ्या केसांचा एक तरुण हातातला कागद वाचतोय आणि शेजारी उभ्या इंदिरा गांधी ऐकतायत.

काही वर्षांपूर्वी हाच फोटो वेगळ्याच मजकुरासह फॉरवर्ड होत होता. आणीबाणीत इंदिराजी पोलिस घेऊन दिल्लीच्या जेएनयूत शिरल्या, येचुरींना चोप दिला आणि माफीनामा वाचायला लावला, असा तो मजकूर. कदाचित तुमच्या फॅमिली ग्रुपवरही आला असेल. प्रत्यक्षात घडलं होतं ते बरोबर उलटं.

फोटो १९७७ च्या सप्टेंबरमधला आहे. आणीबाणी संपली होती आणि मार्चमधल्या निवडणुकीत इंदिरा गांधी हरल्या होत्या. तरीही जेएनयूचं कुलपतिपद त्यांच्याकडेच होतं. विद्यार्थी मोर्चा घेऊन त्यांच्या घरी धडकले. त्या बाहेर आल्या. विद्यार्थी संघाचा अध्यक्ष असलेल्या २५ वर्षांच्या येचुरींनी त्यांच्यासमोरच निवेदन वाचून दाखवलं. मागणी एकच, कुलपतिपद सोडा. पुढे त्यांनी ते सोडलं.

म्हणजे फोटोत माफी कोणीच मागत नाहीये. एक विद्यार्थी सत्ता गाजवलेल्या व्यक्तीला तोंडावर जाब विचारतोय आणि ती व्यक्ती उभं राहून ऐकून घेतेय. येचुरींचं पुढचं सगळं राजकारण समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

टॉपर ते कॉम्रेड

जन्म १९५२ चा, चेन्नईतला. घर तेलुगू, बालपण हैदराबादमध्ये. १९६९ च्या तेलंगणा आंदोलनाच्या धामधुमीत ते शिकायला दिल्लीला गेले आणि पुढच्याच वर्षी सीबीएसईच्या परीक्षेत देशात पहिले आले. मग सेंट स्टीफन्समध्ये अर्थशास्त्र, त्यानंतर जेएनयूत एमए. आजच्या भाषेत 'सेट' करिअर! पण पीएचडी सुरू असताना आणीबाणी लागली, अटक झाली आणि ती पीएचडी कायमची राहिली. त्याआधी एसएफआय ही विद्यार्थी संघटना आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष त्यांच्या आयुष्यात आले होते. १९९२ मध्ये, चाळिशीच्या आतच, ते पक्षाच्या पॉलिट ब्युरोत गेले.

त्यांची खासियत बोलणं ही होती. फक्त भाषण नव्हे, समोरच्याशी बोलणं. १९९६ मध्ये देवेगौडांच्या संयुक्त आघाडी सरकारचा किमान समान कार्यक्रम ठरवताना ते आणि पी. चिदंबरम एकत्र बसले. एक कट्टर डावा, दुसरा खुल्या अर्थव्यवस्थेचा पुरस्कर्ता. तरी कागद तयार झाला. २००४ मध्ये पक्षाचे ४३ खासदार निवडून आले, डाव्यांनी मनमोहनसिंग सरकारला बाहेरून पाठिंबा दिला, तेव्हाही हेच काम त्यांच्याकडे आलं. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा आणि माहिती अधिकार, दोन्ही त्याच काळातले. पुढे अणुकरारावरून २००८ मध्ये पाठिंबा काढला गेला.

मग पक्ष का आटला?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. २०१५ मध्ये येचुरी सरचिटणीस झाले तेव्हा लोकसभेत पक्षाचे ९ खासदार होते. २०१९ मध्ये ३ राहिले, २०२४ मध्ये ४. त्रिपुरा २०१८ मध्ये हातातून गेलं. ज्या बंगालमध्ये सलग ३४ वर्षं सत्ता होती, तिथे २०२१ मध्ये विधानसभेत डाव्यांची एकही जागा आली नाही. सगळं खापर एकट्या येचुरींवर फोडता येणार नाही. बंगाल त्यांच्याआधीच, २०११ मध्ये, गेला होता. पण हेही खरं की ते संसदेत राज्यसभेतून गेले, लोकांमधून निवडून आले नाहीत. दिल्लीत सर्वांशी जुळवून घेणाऱ्या या नेत्याला गल्लीतला तरुण मतदार पक्षाकडे परत आणता आला नाही.

२०१७ मध्ये काँग्रेसच्या मदतीने ते तिसऱ्यांदा राज्यसभेत जाऊ शकले असते. पक्षाने नियमावर बोट ठेवून नाही म्हटलं. ते थांबले आणि पक्षातच राहिले. सकाळी एका पक्षात, संध्याकाळी दुसऱ्यात असं राजकारण रोज बघणाऱ्या आपल्याला हे जरा विचित्रच वाटेल!

आणि आपल्या कॉलेजात?

त्यांची विचारसरणी पटो न पटो, ते घडले कॅम्पसवरच्या निवडणुकीत. ते तीनदा विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले. आज हे शक्यच नाही, कारण लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार पदाधिकारी व्हायला एकदाच उभं राहता येतं.

महाराष्ट्रात तर तेवढीही संधी नाही. हिंसाचारामुळे नव्वदच्या दशकात थेट निवडणुका बंद झाल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीचं दार उघडलं. २०१९ मध्ये निवडणुका होणार म्हणून घोषणा झाली, मग त्या पुढे ढकलल्या गेल्या. अजून मुहूर्त लागलेला नाही. आपण १८ व्या वर्षी आमदार, खासदार निवडू शकतो, पण आपल्या कॉलेजचा प्रतिनिधी नाही. मग नव्या चेहऱ्यांच्या नावाखाली नेत्यांची मुलं, पुतणे आणि भाचेच समोर येतात, यात नवल काय?

हिंसा, पैसा, बाहेरच्या पक्षांची लुडबुड या भीती खोट्या नाहीत. पण पोहताना बुडण्याची भीती वाटते म्हणून तलावच बुजवायचा का?

येचुरींचा देह त्यांच्या कुटुंबाने शिक्षण आणि संशोधनासाठी दिल्लीच्या एम्सला दिला. आपल्याला शिकायला तो फोटो आहे. पुढच्या वेळी तो फॉरवर्ड होऊन आला, तर खरी गोष्ट सांगा. आणि स्वतःलाही विचारा, आपल्या हातात असा कागद असता, तर त्यावर आपण काय लिहिलं असतं?